एक टेनिस कोर्ट, चार पिकलबॉल कोर्टे

टेनिसचे कोर्ट रेषांच्या आत ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद असते. भोवती धावण्यापुरती मोकळी जागा धरली की ते सुमारे १२० बाय ६० फूट व्यापते. पिकलबॉलचे कोर्ट ४४ बाय २० फुटांचे असते आणि त्याला मोकळ्या जागेसह किमान ६० बाय ३० फूट लागतात. म्हणजे एका टेनिस कोर्टाच्या जागेत पिकलबॉलची चार कोर्टे बसतात, आणि दुहेरीचे चार खेळाडू जिथे मावत होते तिथे एका वेळी सोळा जण खेळू शकतात. कॉलन्यांच्या, क्लबांच्या आणि निवासी संकुलांच्या सभांमध्ये टेनिस कोर्ट मोडून पिकलबॉल आणावे की नाही, हा वाद याच हिशोबातून उभा राहतो.

पिकलबॉलचा जन्म १९६५ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर झाला. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅककॅलम या तिघांनी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ बसवला. म्हणून त्याच्या कोर्टाचे माप बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाइतकेच राहिले. जाळी मात्र खाली आली : कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात फुटांचा पट्टा असतो. त्याला ‘किचन’ म्हणतात आणि तिथे उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. चेंडू पोकळ प्लास्टिकचा, छिद्रांचा असतो आणि त्याचे वजन टेनिसच्या चेंडूच्या निम्म्याहूनही कमी भरते. सर्व्हिस खांद्यावरून नव्हे, कमरेखालून करायची असते. डाव सहसा अकरा गुणांचा असतो, त्यामुळे तो लवकर संपतो आणि बाहेर थांबलेल्यांना आत यायला मिळते.

भारतात हा खेळ रुजवण्याचे श्रेय सुनील वालावलकर यांना दिले जाते. कॅनडात पाहिलेला हा खेळ त्यांनी मुंबईत आणला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी राहिली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संघटनेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात वर्ल्ड पिकलबॉल लीगचा पहिला हंगाम पार पडला.

इंदूरमध्ये टेनिस कोर्टाच्या जागेचा हा प्रश्न विशेष टोकदार होतो, कारण या शहराला खेळांची जुनी परंपरा आहे. होळकर संस्थानाच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. होळकरांच्या पुढाकारातून १९३४ मध्ये यशवंत क्लब स्थापन झाला. इंदूर टेनिस क्लबच्या कोर्टांवर २०१४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाच्या लढतीत चिनी तैपेईला ५-० ने हरवले. दुसरीकडे, शहराच्या नव्या वस्त्यांमध्ये खेळाला मिळणारी जागा मोजकीच असते. बहुतेक ठिकाणी टेनिस कोर्ट असलेच तर एकच असते. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि जून ते सप्टेंबर पावसाचे असतात. त्यामुळे खेळायची वेळ सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन-तीन तास एवढीच उरते, आणि दोन्ही खेळांना हवी असते ती नेमकी तीच वेळ.

या वादाच्या दोन्ही बाजू पुढे संवादरूपाने मांडल्या आहेत. टेनिसची बाजू कॉलनीतल्या मुलांना शिकवणाऱ्या एका प्रशिक्षक बाई मांडतात. पिकलबॉलची बाजू मांडतात निवृत्तीनंतर हा खेळ धरलेले एक ज्येष्ठ गृहस्थ. दोघेही एकाच कॉलनीचे रहिवासी आहेत असे धरले आहे.

जागा कोणाची, वेळ कोणाची

ज्येष्ठ : ताई, सकाळी साडेसहाला कोर्टाकडे बघा. आत दोन जण एकेरी खेळत असतात. बाहेर बाकावर आम्ही दहा-बारा जण. देखभालीचा खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून होतो आणि जागा दोघांची होते. हा न्याय झाला का?

प्रशिक्षक : काका, तुम्ही सकाळचं बघता, मी संध्याकाळचं बघते. पाच वाजता माझी मुलं येतात. एका कोर्टावर आठ मुलं असतात, चार मारतात, चार चेंडू गोळा करतात आणि पाळी बदलते. त्या वेळी ते कोर्ट कुणाला रिकामं वाटणार नाही. एका क्षणी किती जण आत आहेत एवढ्यावर खेळाचं मोल ठरवलं तर पोहण्याचा तलावही बुजवावा लागेल.

ज्येष्ठ : मोल ठरवत नाही, वाटणी मागतो आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी वीस-पंचवीस वर्षांत हातात रॅकेट धरली नव्हती. गुडघे दुखतात, टेनिसची पूर्ण बेसलाइन धावून काढणं आता होत नाही. पिकलबॉलमध्ये कोर्ट छोटं आहे, चेंडू हळू येतो आणि पहिल्याच दिवशी रॅली जमते. पहिल्याच दिवशी जमलं म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी येतो.

प्रशिक्षक : ते मला मान्य आहे. टेनिसमध्ये पहिले दोन-तीन महिने बहुतेक चेंडू जाळीत किंवा कुंपणावर जातात, आणि त्यातच अनेक जण सोडून देतात. आमच्या खेळाची ती अडचण आहेच. पण जे सहज जमतं तेवढंच ठेवायचं ठरलं, तर ज्याला वेळ लागतो असं काही शिकायची जागा मुलांना उरणार नाही.

इथे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात वेगवेगळी मापे आहेत. पिकलबॉलपक्ष एका तासात किती माणसे खेळली हे मोजतो. टेनिसपक्ष पाच-सात वर्षांत किती खेळाडू घडले हे मोजतो. सार्वजनिक जागेच्या वाटपात दोन्ही मापांना स्थान आहे. पहिले माप मात्र डोळ्यांना लगेच दिसते आणि दुसरे दिसायला वर्षे लागतात, म्हणून सभेत पहिल्याचे पारडे आपोआप जड होते. नोव्हाक जोकोविचने २०२४ च्या विम्बल्डनमध्ये हीच चिंता मांडली होती : एका टेनिस कोर्टाच्या जागेत पॅडल या दुसऱ्या एका खेळाची तीन कोर्टे बसतात, क्लबांना ते अधिक परवडते, आणि म्हणून क्लबच्या पातळीवर टेनिस धोक्यात आहे.

खेळाडू कुठे घडतो

ज्येष्ठ : खेळ बदलला म्हणजे परंपरा बुडाली असं नाही. नाटेकरांच्या घरचंच उदाहरण घ्या. नंदू नाटेकर सांगलीचे. कुमार वयात राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले, बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. मुलगा गौरव पुन्हा टेनिसकडे गेला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिएंडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. आता वर्ल्ड पिकलबॉल लीग उभी केली तीही गौरव आणि आरती पोनप्पा नाटेकर यांनीच. एका घरात तीन खेळ झाले, कुठे काही बुडालं नाही.

प्रशिक्षक : उदाहरण चांगलं आहे काका, पण त्यातून माझीच बाजू निघते. गौरव आणि आरती दोघंही राष्ट्रीय विजेते टेनिसपटू. पायांची हालचाल, व्हॉली, चेंडूचा अंदाज हे सगळं त्यांच्यात टेनिस कोर्टावर मुरलं. टेनिसवरून पिकलबॉलकडे जाणं सोपं असतं. उलटा प्रवास सोपा नसतो. ऋतुजा भोसलेने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. त्या पातळीवर पोचायचं तर लहानपणापासून पूर्ण मापाचं कोर्ट लागतं. आणि टेनिस ऑलिंपिकमध्ये आहे, पिकलबॉल अजून नाही.

ज्येष्ठ : पण कॉलनीचं कोर्ट ऑलिंपिकसाठी बांधलं होतं का? ते रहिवाशांच्या विरंगुळ्यासाठी आणि तब्येतीसाठी आहे. ज्या मुलात गुण आहेत त्याला अकादमीत पाठवाच.

प्रशिक्षक : अकादमीत पाठवायचं हे कळणार कधी? मूल सायकलवरून कोर्टापर्यंत येतं, गंमत म्हणून खेळतं आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं. दहा किलोमीटरवरच्या अकादमीत फी भरून पहिल्यांदा रॅकेट धरणारी मुलं थोडी असतात. कॉलनीचं कोर्ट गेलं तर टेनिस फक्त गाडी आणि पैसा असलेल्या घरांचं राहील.

शेवटचा मुद्दा वजनदार आहे. प्रत्येक खेळाला दोन प्रकारच्या जागा लागतात : जिथे तो पहिल्यांदा भेटतो आणि जिथे तो गांभीर्याने शिकला जातो. दुसऱ्या प्रकारची जागा दूर असली तरी चालते. पहिली मात्र चालत किंवा सायकलने जाता येईल अशीच असावी लागते.

चेंडूचा आवाज

पिकलबॉलविषयीच्या तक्रारींत आवाज सर्वांत पुढे आहे. टेनिसचा चेंडू रबरी, लोकरी आवरणाचा असतो आणि तारांच्या जाळीवर आदळतो, त्यामुळे आवाज दबका येतो. पिकलबॉलमध्ये कडक प्लास्टिक कडक पॅडलवर, म्हणजे या खेळाच्या बॅटवर, आपटते. आवाज टणक, आखूड आणि वरच्या पट्टीतला असतो, आणि मानवी कान त्या पट्टीला संवेदनशील असतो. चार कोर्टे एकदम चालू असली की ‘टॉक्, टॉक्’ असा अनियमित मारा सुरू राहतो. त्याला ठरलेला ताल नसल्यामुळे कान त्याला सरावत नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहराने २०२३ मध्ये आवाजाच्या तक्रारींवरून काँग्रेस पार्कमधील पिकलबॉल कोर्टे बंद केली.

प्रशिक्षक : कोर्टाला लागून असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेली माणसं सकाळी झोपतात, परीक्षेची मुलं अभ्यास करतात. टेनिसच्या इतक्या वर्षांत त्यांनी कधी तक्रार केली नाही. चार पिकलबॉल कोर्टं त्यांच्या खिडकीखाली आणायची तर आधी त्यांना विचारायला नको का?

ज्येष्ठ : विचारायलाच हवं. पण ढोल, फटाके, लग्नाचे बँड, रात्री उशिरापर्यंत चालणारे स्पीकर हे सगळं आपल्या शहरात चालतं, आणि सकाळच्या व्यायामाचा आवाज मात्र खुपतो?

प्रशिक्षक : वरातीचा बँड रोज सकाळी सहाला येत नाही काका. रोज येणाऱ्या आवाजाचा त्रास वेगळा असतो.

ज्येष्ठ : बरोबर आहे. मग उपायही आहेत. कमी आवाजाची पॅडल आणि चेंडू आता मिळतात. अमेरिकेच्या पिकलबॉल संघटनेने २०२३ मध्ये त्यासाठी वेगळा वर्गच केला. कुंपणाला आवाज शोषणारे पडदे लावता येतात. सकाळी सातच्या आधी आणि रात्री नऊनंतर खेळ बंद, असा नियम आम्ही स्वतःहून पाळू.

कायद्याची बाजूही इथे माहीत असावी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथली मर्यादा आणखी कमी असते. मात्र ही मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजली जाते. टणक, तुटक आवाज सरासरीत मर्यादेखाली राहूनही शेजाऱ्याला असह्य होऊ शकतो. म्हणून केवळ यंत्रावरचा आकडा पाहून हा प्रश्न मिटत नाही. खेळ चालू असताना सर्वांत जवळच्या घराच्या खिडकीत उभे राहून ऐकणे ही खरी कसोटी आहे.

बदल कोणता परतवता येतो

या वादातला सर्वांत निर्णायक मुद्दा तांत्रिक आहे आणि सभांमध्ये त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. ‘कोर्ट बदलणे’ या एका शब्दप्रयोगाखाली तीन निरनिराळी कामे येतात.

पहिले काम रेषांचे. टेनिस कोर्ट तसेच ठेवून त्यावर वेगळ्या, फिक्या रंगात पिकलबॉलच्या रेषा आखायच्या आणि चाकांवरच्या सुट्या जाळ्या वापरायच्या. खेळ संपला की जाळ्या कडेला जातात. टेनिस खेळताना जादा रेषांनी नजर थोडी चुकते, आणि अधिकृत स्पर्धेच्या कोर्टाला हे चालत नाही. रोजच्या खेळात मात्र सवय होते आणि बदल केव्हाही मागे घेता येतो.

दुसरे काम खांबांचे. टेनिसची जाळी काढून कोर्टात पिकलबॉलचे कायमचे खांब रोवायचे आणि मध्ये कुंपणे घालायची. यात पृष्ठभाग फोडावा लागतो. पुढे टेनिस परत आणायचे तर खड्डे बुजवून अॅक्रिलिकचे थर पुन्हा द्यावे लागतात. बुजवलेल्या जागी नीट काम झाले नाही तर पहिल्या पावसात तडे दिसतात.

तिसरे काम पृष्ठभागाचे. पिकलबॉलचा हलका चेंडू माती किंवा हिरवळीवर नीट उसळत नाही, त्याला कडक पृष्ठभाग लागतो. म्हणून मातीच्या किंवा हिरवळीच्या टेनिस कोर्टावर पिकलबॉल आणणे म्हणजे तिथे काँक्रीट किंवा डांबर ओतणे. वर्षानुवर्षे पाणी मारून आणि रोलर फिरवून बसवलेले मातीचे कोर्ट एकदा गाडले की व्यवहारात ते परत येत नाही.

ज्येष्ठ : आमची मागणी पहिल्या प्रकाराची आहे. मोडतोड कुणालाच नको आहे.

प्रशिक्षक : मग ठरावात तसं स्पष्ट लिहा ना. ‘टेनिस कोर्टाचे पिकलबॉल कोर्टात रूपांतर’ असं लिहिलं की कंत्राटदार दुसऱ्या प्रकाराचं काम करून मोकळा होतो.

ज्येष्ठ : लिहू. पण एक विचारतो. सुट्या जाळ्या लावल्या तर तुमच्या मुलांना काही उपयोग होईल का?

प्रशिक्षक : होईल, आणि चांगला होईल. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लहान कोर्टं आणि हळू चेंडू ठरवून दिले आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के हळू असतो आणि त्याचं कोर्ट ३६ फूट लांब. पिकलबॉलच्या ४४ बाय २० च्या रेषांत ते बसतं, जाळीची उंचीही जवळपास जुळते. तुमच्या दोन जाळ्यांवर माझी लहान मुलं एकदम आठ जणं खेळतील, चेंडू गोळा करत उभी राहणार नाहीत.

ज्येष्ठ : आणि आमच्याकडूनही एक सुचवतो. कॉलनीच्या मागच्या बाजूला उघड्यावरचं बॅडमिंटन कोर्ट आहे. वाऱ्यामुळे शटल टिकत नाही, म्हणून वर्षातले बरेच महिने ते ओस असतं. माप तेच आहे. भोवती पुरेशी मोकळी जागा निघाली तर पहिलं पिकलबॉल कोर्ट तिथेच करू.

निर्णय कोणी आणि कसा घ्यावा

कोर्टाची जागा कोणाच्या नावावर आहे यावर प्रक्रिया ठरते. कॉलनी नगर निगमाकडे हस्तांतरित झालेली असेल आणि कोर्ट सार्वजनिक उद्यानात असेल, तर रहिवासी संघाला परस्पर बांधकाम करता येत नाही, निगमाची परवानगी लागते. संकुल अजून विकासकाच्या ताब्यात असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात आणि सामाईक जागांत बदल करण्यासाठी त्याला किमान दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती घ्यावी लागते. माहितीपत्रकात टेनिस कोर्ट दाखवले होते म्हणून घर घेणारेही असतात, त्यांचा हक्क यातून जपला जातो. व्यवस्थापन रहिवासी संघाकडे आले असेल, तर हा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत न उरकता सर्वसाधारण सभेपुढे, विषयपत्रिकेवर आधी छापून आणला पाहिजे.

सभेपूर्वी तीन गोष्टी हाती असाव्यात. एक, किमान महिनाभराची नोंदवही : कोणत्या तासाला कोर्टावर किती जण होते, त्यांत मुले किती, ज्येष्ठ किती, महिला किती. दोन, सुट्या जाळ्या आणि खडूच्या रेषांवर दोन-तीन महिन्यांचा प्रयोग, आणि त्यात आठवड्याचे वेळापत्रक ठरलेले. तीन, कोर्टालगतच्या घरांचे लेखी म्हणणे, कारण खेळाचा आनंद साऱ्या कॉलनीला मिळतो आणि आवाज त्या पाच-दहा घरांच्याच वाट्याला येतो. एवढे झाले तर सभेत मोठ्या आवाजाच्या जागी नोंदी बोलतील.

निवाडा

दोन्ही बाजू तपासल्यावर काही गोष्टी स्पष्ट होतात. ज्येष्ठांची आणि नव्या खेळाडूंची मागणी खरी आहे. पन्नाशी-साठीनंतर माणसे रोज सकाळी घराबाहेर पडून हसत-खेळत घाम गाळतात, ही कोणत्याही कॉलनीसाठी मोठी कमाई आहे, आणि एक कोर्ट दिवसभर मूठभरांसाठी राखून ठेवण्याचे समर्थन होत नाही. तितकेच खरे हेही आहे की आज गर्दी कुठे आहे एवढ्यावर उद्याच्या मुलांची जागा विकून टाकता येत नाही.

म्हणून क्रम असा असावा. आधी ओस पडलेली बॅडमिंटन कोर्टे आणि कडक पृष्ठभागाच्या इतर मोकळ्या जागा पिकलबॉलला द्याव्यात. त्या नसतील तर टेनिस कोर्टावर रेषा आणि सुट्या जाळ्या आणून वेळ वाटून घ्यावी : सकाळ ज्येष्ठांची, संध्याकाळचे पहिले तास मुलांच्या टेनिसचे. जिथे दोन किंवा अधिक टेनिस कोर्टे आहेत आणि नोंदवही एक कोर्ट रिकामे दाखवते, तिथे एकाचे कायमचे रूपांतर करायला हरकत नाही. जिथे एकच आहे, तिथे त्यात खांब रोवू नयेत. आणि मातीचे किंवा हिरवळीचे कोर्ट काँक्रीटखाली कधीच घालू नये.

इंदूरच्या ज्या रहिवासी संघांपुढे हा ठराव येणार आहे, त्यांनी मतदानाआधी ठरावाच्या मसुद्यात एक वाक्य जरूर घालावे : ‘हा बदल एका वर्षानंतर सर्वसाधारण सभेत पुन्हा तपासला जाईल आणि आवश्यक वाटल्यास मागे घेतला जाईल.’ ज्या कामाबाबत हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येते ते काम करावे, ज्याबाबत येत नाही ते करू नये.